एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला का नाही? वजन कमी करण्याची औषधे, शस्त्रक्रिया आणि त्यांची निवड

दिवसातून दोनदाच जेवायचे की दर दोन तासांनी थोडे थोडे खायचे? काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या सल्ल्यांवरून महाराष्ट्रातल्या घराघरांत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद रंगले होते. दोन्ही बाजूंकडे 'आधी आणि नंतर'चे फोटो होते. आता तीच जागा आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांनी घेतली आहे. प्रश्न मात्र जुनाच आहे. शेजारणीचे वजन उतरले, मग माझे का नाही?

याचे थोडक्यात उत्तर असे की लठ्ठपणा हा एकच आजार नाही. वजन वाढण्याची कारणे माणसागणिक वेगळी असतात, म्हणून उपचारही वेगळे असावे लागतात.

आधी मोजायचे काय?

वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. जगभरात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी ही रेघ खाली आणली आहे: २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा.

असे का, याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो या आकड्यांसह छापून आला. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त, अशी अनेक भारतीयांची ठेवण असते. त्यामुळे मधुमेह कमी वजनावरच गाठतो.

म्हणून वजनकाट्यासोबत कंबरेचा घेरही मोजायचा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला तर धोका वाढतो.

उतरलेले वजन परत का वाढते?

बहुतेकांना वाटते की मनाचा निग्रह कमी पडला. खरे तर शरीर उतरलेल्या वजनाला 'उपासमार' समजते. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन कमी होते आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. दोन पोळ्यांवर भागणारी भूक तीनवर जाते.

जेवणाची वेळ बदलून हे टळत नाही. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोजचे उष्मांक दोन्ही गटांना सारखेच कमी करून दिले होते. त्यातल्या एका गटाने फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाल्ले. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक नव्हता. म्हणजे ज्याला जी पद्धत वर्षानुवर्षे झेपेल, ती त्याच्यासाठी चांगली.

'व्यक्तीनुसार उपचार' म्हणजे नेमके काय?

यात महागड्या जनुकीय चाचणीच्या आधी नीट चौकशी येते. चांगला डॉक्टर साधारण या गोष्टी तपासतो:

- वजन कधीपासून वाढले? लहानपणापासून, बाळंतपणानंतर, की एखादे औषध सुरू झाल्यावर? स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधे वजन वाढवतात.
- थायरॉइड, पीसीओएस किंवा कुशिंगसारखा संप्रेरकांचा आजार आहे का?
- झोपेत घोरणे, श्वास अडकणे, दिवसा पेंग येणे असे काही होते का?
- भूक कशी आहे? जेवण संपतच नाही, जेवल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागते, की ताण आला की हात डब्याकडे जातो?

शेवटच्या प्रश्नावर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने काम केले आहे. त्यांनी रुग्णांचे चार गट पाडले: पोट भरल्याची जाणीव उशिरा होणारे, लवकर पुन्हा भूक लागणारे, भावनेच्या भरात खाणारे आणि ऊर्जा कमी खर्च होणारे. गटानुसार औषध दिलेल्या रुग्णांचे वर्षभरात सरासरी १५.९ टक्के वजन उतरले, तर नेहमीच्या पद्धतीने औषध दिलेल्यांचे ९ टक्के. २०२१ मधला हा अभ्यास सुमारे ३०० रुग्णांचाच आहे, त्यामुळे तो दिशा दाखवतो, पण शेवटचा शब्द नाही.

इंजेक्शने काय करतात, काय करत नाहीत?

टिर्झेपॅटाइड (माउंजारो) मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये भारतात आले. जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या संप्रेरकांची ही नक्कल आहे. भूक कमी होते आणि पोट सावकाश रिकामे होते.

मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपॅटाइडच्या सर्वात मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरले. मात्र सरासरीचा अर्थ असा की काहींचे याहून बरेच जास्त उतरले आणि काहींचे फारसे उतरलेच नाही.

दुसरी बाजू अशी की सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब वाढतो, तसेच हे. म्हणून 'लग्नापुरते तीन महिने' इंजेक्शन घेण्याला अर्थ नाही.

मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास आहेत. घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झालेला असेल तर ही औषधे देत नाहीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. गरोदरपणात ती चालत नाहीत, आणि सेमाग्लुटाइड दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. सोबत इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते. ऑनलाइन ओळखीतून मागवलेली, थंड न राखलेली पेन वापरणे म्हणूनच जिवाशी खेळ आहे.

शस्त्रक्रिया कोणाला?

भारतीयांसाठी साधारण निकष असे आहेत: बीएमआय ३७.५ च्या पुढे, किंवा ३२.५ च्या पुढे आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे यांसारखा आजार. मधुमेह आटोक्यातच येत नसेल तर २७.५ च्या पुढेही विचार होतो.

'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. घ्रेलिन तयार करणारा भागही त्यात जातो, म्हणून भूक कमी होते. ज्यांना आधीच खूप जळजळ आणि आम्लपित्त आहे, त्यांचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. 'बायपास'मध्ये जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. जुनाट मधुमेह आणि छातीत जळजळ असणाऱ्यांना ती अनेकदा जास्त सोयीची ठरते. पण लोह, कॅल्शियम, बी-१२ यांची कमतरता तिच्यात जास्त होते आणि दारू फार लवकर चढते.

परिणाम टिकतो का? स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन २० वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी १८ टक्के कमी होते. त्यात बऱ्याच शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीच्या होत्या.

मुंबईतले एक उदाहरण

फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले. वजन सुमारे ५०० किलो सांगितले जात होते. सैफी रुग्णालयात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्चला त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. पुढे वजनाच्या आकड्यांवरून नातेवाईक आणि डॉक्टरांत जाहीर वाद झाला. मे महिन्यात त्यांना अबूधाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. जनुकीय तपासणीत लेप्टिनचा निरोप स्वीकारणाऱ्या जनुकात दुर्मीळ बिघाड आढळल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. अशा बिघाडात पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतच नाही. या आजारावरच्या सेटमेलॅनोटाइड या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली नोव्हेंबर २०२० मध्ये. असे रुग्ण फार थोडे असतात. पण तान्हेपणापासून अनावर भूक आणि झपाट्याने वाढणारे वजन असेल, तर जनुकीय चाचणीचा विचार जरूर व्हावा.

नगर जिल्ह्यातल्या रुग्णाने काय लक्षात घ्यावे?

अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, फिजिशियनचा सल्ला यांसाठी पुण्याला धावायची गरज नाही. शस्त्रक्रिया पुण्यात किंवा नाशिकला झाली, तरी खरी कसोटी नंतरची आहे. आयुष्यभर जीवनसत्त्वे घ्यावी लागतात आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. अकोल्याहून किंवा पाथर्डीहून दर वेळी पुणे गाठणे होणार नसेल, तर जवळचा कोणता डॉक्टर हे पाहील ते आधीच ठरवावे. सतत उलट्या होऊन थायमिन कमी पडले तर नसांना इजा होते, तिथे 'पुढच्या महिन्यात दाखवू' चालत नाही.

जेवणात आधी प्रथिने घ्यावीत: अंडी, मासे, दही, पनीर, मूग, मटकी, सोयाबीन. भाकरी त्यानंतर. पंगतीत आग्रह झाला तरी घास मोजकेच. स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी.

पैशांचा हिशेबही आधीच करावा. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ च्या पुढे आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असला तरच लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला संरक्षण मिळते. समजा, १६० सेंटिमीटर उंचीच्या, मधुमेह असलेल्या बाईंचे वजन ८५ किलो आहे. वैद्यकीय निकषात त्या बसतात, विम्याच्या निकषात नाहीत. त्यासाठी वजन ९० किलोच्या आसपास असावे लागेल. म्हणून पॉलिसीची अट लेखी विचारून घ्यावी.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. माझे वजन कशामुळे वाढले असावे?
२. माझ्यासाठी हाच उपाय का, दुसरा का नाही?
३. तो किती काळ चालेल आणि महिन्याचा खर्च किती?
४. थांबवला किंवा फसला तर पुढे काय?
५. नंतरची तपासणी कोण आणि कुठे करणार?

या प्रश्नांची सरळ उत्तरे न देता 'महिन्यात दहा किलो'ची हमी मिळत असेल, तर ती जागा सोडलेली बरी. वजन पाच ते दहा टक्के उतरले आणि तेवढेच टिकले, तरी साखर, रक्तदाब आणि गुडघे यांना त्याचा फायदा होतो.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.)