एचआयव्हीसोबत जगताना विसरभोळेपणा वाढतो का? समजून घ्या

रात्रीची गोळी घेतली की राहिली, हेच आठवत नाही. बोलताना शब्द सापडत नाही. पूर्वी झटपट होणाऱ्या हिशेबाला आता वेळ लागतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या काहींना असा अनुभव येतो. यामागे विषाणू आहे की वय? आणि हे वाढतच जातं का?

मेंदूत काय होतं?

लागण झाल्यावर काही आठवड्यांतच विषाणू मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. तो मुख्यतः तिथल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये शिरतो. त्यातून जी सूज येते, तिचा फटका चेतापेशींना बसतो. मग लक्ष, स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग यांवर परिणाम होतो.

त्रास वाढतच जातो का?

नाही. एआरटी उपचार येण्याआधी आजार बळावल्यावर अनेकांना गंभीर स्मृतिभ्रंश होत असे. आज नियमित गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो क्वचितच दिसतो; सौम्य त्रास मात्र राहू शकतो. बहुतेकांची स्थिती वर्षानुवर्षं स्थिर राहते, काहींची सुधारते, तर काहींची खालावते.

पुण्यात आजार बळावलेल्या रुग्णांच्या बौद्धिक चाचण्या एआरटीपूर्वी आणि नंतर घेण्यात आल्या. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उपचारानंतर सुधारणा दिसली.

धोका कोणाला जास्त?

ज्यांचा सीडी-४ काउंट कधीकाळी खूप खाली गेला होता, त्यांना. भारतात सरकारी केंद्रांवर मोफत एआरटी २००४पासून मिळते, पण सीडी-४ कितीही असला तरी लगेच उपचार, हे धोरण २०१७मध्ये आलं. त्यामुळे जुन्या रुग्णांपैकी अनेकांचे उपचार उशिरा सुरू झाले.

प्रत्येक विसरण्यामागे एचआयव्हीच असतो का?

नाही. नैराश्य, अपुरी झोप, दारू, मधुमेह, उच्च रक्तदाब, बी-१२ची कमतरता किंवा एखादं औषधही कारण असू शकतं. यातल्या बहुतेकांवर उपाय आहेत. मात्र तीव्र डोकेदुखी, ताप, झटके किंवा अचानक गोंधळल्यासारखं वाटलं, तर लगेच रुग्णालय गाठा. हा मेंदूतला संसर्ग असू शकतो.

काय करावं?

विसरल्यामुळे गोळ्या चुकतात आणि गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो. हे चक्र तोडणं महत्त्वाचं. मोबाइलवर अलार्म लावा, वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी वापरा. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्रात पुढच्या तारखेला जाल, तेव्हा हा त्रास आवर्जून सांगा. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. मोफत माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.