राजारामन, वैद्येश्वरन
राजारामन, वैद्येश्वरन : (8 सप्टेंबर 1933 – 8 नोव्हेंबर 2025). भारतीय संगणकशास्त्रज्ञ, ग्रंथकार व देशातील संगणकशिक्षणाचे आद्य प्रवर्तक. जन्म तमिळनाडूतील इरोड येथे. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकून (1952) ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तेथे अॅनालॉग संगणकाचे काही घटक त्यांनी स्वतः रचून बांधले. पुढे एमआयटीची पदव्युत्तर पदवी (1959) आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच.डी. (1961) मिळवून ते 1963 मध्ये कानपूरच्या आयआयटीत अध्यापक झाले.

त्याच वर्षी कानपुरात आयबीएम 1620 हा संगणक आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी संगणक होते, पण ते संशोधकांच्या कामासाठी. कानपुरात मात्र विद्यार्थी आपापली छिद्रित कार्डे घेऊन थेट यंत्रापाशी जात. एका कार्डावर फोरट्रान या संगणकभाषेतील एक विधान. त्यात छिद्र चुकले, तर ते कार्ड पुन्हा छिद्रित करायचे. अशा सरावातूनच आज्ञावली लिहिण्याची शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली. राजारामन यांनी आपले सहकारी एच. एन. महाबला यांच्यासमवेत बाहेरच्या संस्थांतील शास्त्रज्ञांसाठीही अल्पमुदतीचे वर्ग घेतले. 1965 मध्ये एम.टेक.ला संगणकशास्त्र हा विषय घेण्याची सोय तेथे झाली आणि देशात या विषयाच्या औपचारिक अध्यापनाला आरंभ झाला. पुढे इन्फोसिसचे एक संस्थापक झालेले नारायण मूर्ती हे राजारामन यांचे तेथील विद्यार्थी.

परदेशी पुस्तके विद्यार्थ्यांना परवडत नसत. म्हणून राजारामन यांनी वर्गातील टिपणांवरून आज्ञावलीलेखनाचे पाठ्यपुस्तक लिहिले. त्याची किंमत पंधरा रुपये, म्हणजे त्याच्या छायाप्रतीला येणाऱ्या खर्चाएवढीच ठेवली होती. फोरट्रान, संख्यात्मक पद्धती, अंकीय संगणकाची रचना अशा विषयांवर त्यांनी पुढेही पुस्तके लिहिली. भारतीय विद्यार्थ्याला परवडेल आणि एकट्याने वाचूनही समजेल असे लिहिणे, हे त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल.

इलेक्ट्रॉनिक्स आयोगाने मनुष्यबळविकासासाठी नेमलेल्या समितीचे ते प्रमुख होते. उद्योगांना लागणारे संगणकतज्ज्ञ केवळ अभियंत्यांमधून पुरणार नाहीत, हे ओळखून समितीने इतर शाखांच्या पदवीधरांसाठी एमसीए (मास्टर ऑफ कम्प्युटर अॅप्लिकेशन्स) हा अभ्यासक्रम सुचवला. त्यामुळे विज्ञान व वाणिज्य शाखांच्या असंख्य विद्यार्थ्यांना या क्षेत्राची वाट खुली झाली.

1982 ते 1994 या काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत महासंगणक शिक्षण व संशोधन केंद्राची धुरा त्यांनी सांभाळली. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (1976) आणि पद्मभूषण (1998) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. निवृत्तीनंतरही त्यांचे ग्रंथलेखन चालू राहिले. बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.