पोरीले कुठी टाकावं?

आपलं विद्यापीठ कसं आहे, असं कुठल्याही पदवीधराला विचारून पाहा. तो आधी कँटीनबद्दल बोलेल, मग होस्टेलच्या ढेकणांबद्दल, आणि आपण फारच खोदलं तर एखाद्या प्राध्यापकाबद्दल. ग्रंथालयाबद्दल बोलणारा मला अजून भेटायचा आहे. नॅकवाल्यांनी २०१७ साली विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी सुरू केली. तिच्यात शिकवण्याविषयी बरेच प्रश्न आहेत. पण आमच्या वऱ्हाडात ज्या प्रश्नावर शिफारस ठरत आली तो तेवढा नाही. तो प्रश्न असा : ‘तिथं आपलं कोण राहते?’

मी कॉमर्सचा माणूस. इतिहास म्हणजे मागील पानावरून पुढे आणलेली बाकी, एवढंच मला कळतं. ती बाकी मुंबईपासून सुरू होते. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, आणि आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली १८६७ साली. गाडी आली आणि मुंबईची शिफारस वाढली. आमचे दादासाहेब खापर्डे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८७७ साली बी.ए. झाले. पुढं नागपूरला हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजं निघाली, पण पदवी कलकत्त्याची. १९०४ पासून ती अलाहाबादची झाली. म्हणजे पोरगा शिकणार सीताबर्डीवर आणि सर्टिफिकेट येणार गंगेकाठून. काशीयात्रेला न जाता घरपोच गंगाजल मिळावं तसं.

आता कलकत्ता बरं की अलाहाबाद, हे अमरावतीच्या बापानं कशावरून ठरवायचं? तो ठरवतच नसे. नागपुरात मामा आहे का, आतेभाऊ आहे का, एवढंच तो पाही. नातलग नसेल तर वार लावून जेवायचं. सोमवार वकिलांकडे, मंगळवार मास्तरांकडे, आणि एखादा वार एकादशीचा. पण हे वारही सगळ्यांच्या पोरांना कुठं मिळत होते? ज्याची जात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडत होती, त्याच्यासाठी विद्यापीठ नागपुरात असलं काय आणि लंडनात असलं काय, सारखंच. पंजाबराव देशमुख विलायतेहून डॉक्टरेट घेऊन परत आले आणि त्यांनी अमरावतीत सगळ्या जातींच्या पोरांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं, त्याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. पोळी आणि पाठ टेकायला जागा मिळाली, की मग बोला प्राध्यापकांबद्दल.

(बोलोन्याची गोष्ट वेगळी. तिथं मध्ययुगात विद्यार्थ्यांनीच संघ करून विद्यापीठ चालवलं, आणि मास्तर उशिरा आला तर दंड ठोकत. आमच्या खातेदारांच्या कानावर ही पद्धत जाऊ नये, एवढीच प्रार्थना.)

१९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं, आणि त्याच साली अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज. तेच पुढं विदर्भ महाविद्यालय झालं. आता त्याचं नाव बरंच लांबलं आहे, पण ऑटोवाल्याला ‘व्हीएमव्ही’ म्हटलं की तो बरोबर नेतो. तरी विद्यापीठाचं काम निघालं की नागपूर गाठायचं, दीडशे किलोमीटर. १ मे १९८३ ला अमरावतीचं स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि त्या एस.टी.चं भाडं वाचलं. २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. माझी पदवी त्याच्या आधीची, तिच्यावर बाबा नाहीत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसानं कीर्तनातून बापांना बजावलं, की ताट नसलं तर हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. विद्यापीठाच्या नावाला यापेक्षा चांगला माणूस मला सुचत नाही.

आमची शाखा नांदगाव पेठेला. इथून अमरावती दहा-बारा किलोमीटर. जूनमध्ये शैक्षणिक कर्जाचे अर्ज येतात, त्याबरोबर सल्ला फुकट मागितला जातो. गेल्या-मागच्या साली एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात कामाला असलेला एक गृहस्थ पोरीला घेऊन आला.

‘‘साहेब, पोरीले कुठी टाकावं? पुण्याचं नाव लय आयकतो.’’

‘‘पुण्यात आपलं कोण राहते?’’ मी विचारलं.

‘‘कोणीच नाही बाप्पा.’’

मी फॉर्मच्या पाठीमागं आकडे मांडले. पुण्याची फी, खोली, खानावळ, चार महिन्यांत एकदा येणं-जाणं. बाजूला त्याचा पगार. बेरीज खाली येईपर्यंत त्यानं वाचायचं सोडलं होतं. पोरगी मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत वाचत होती. मग ती म्हणाली, ‘‘काका, अमरावतीचं मांडा न.’’

मांडलं. घरची भाकर, घरचं छप्पर. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट, ते तिनंच सांगितलं. बाप अजून कां-कूं करत होता. तो म्हणाला, ‘‘पैशाचं सोडा. संध्याकाळी घरी येते का नाही, ते सांगा.’’ खरा अडसर तो होता. पुण्याला नाही म्हटल्यावर तो तिचं लग्न पाहणार होता, हे मला नंतर शाखेतल्या शिपायाकडून कळलं. कलकत्त्याचं अलाहाबाद, अलाहाबादचं नागपूर आणि नागपूरचं अमरावती झालं नसतं, तर या पोरीपुढं दुसरा फॉर्मच नव्हता.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा पासबुक भरायला आली, तेव्हा शेजारची एक पोरगी बरोबर होती, बारावी झालेली. रांगेत उभ्या उभ्या ही तिला विद्यापीठाची माहिती देत होती. मी कान लावला. अभ्यासक्रम नाही, प्राध्यापक नाहीत.

‘‘पाचच्या गाडीत जागा भेटत नाही,’’ ती सांगत होती, ‘‘तिच्या मागची घ्यायची. अन् घरी आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं.’’