मध्यप्रांतातील मँगनीज कंपनी आणि व्यवहारभाषेचा प्रश्न

परदेशी भांडवलावर चालणाऱ्या उद्योगांचा इतिहास लिहिताना भांडवल, उत्पादन आणि नफा यांचा हिशेब मांडण्याची रीत आहे. मालक व मजूर यांच्यामध्ये बोलणे कोणत्या भाषेत होत असे, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. नागपूर परिसरातील मँगनीज-खाणींच्या बाबतीत तो विचारणे अगत्याचे आहे.

इ. स. १८९६ मध्ये 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही संस्था स्थापन झाली. तीच पुढे 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. कंपनी विलायतेत नोंदलेली आणि तिचा माल पोलादाच्या भट्ट्यांसाठी परदेशी जाणारा. खाणी मात्र नागपूर जिल्ह्यातील मनसर-कांद्रीपासून भंडाऱ्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग यांवरून बालाघाटातील तिरोडी, भरवेली व उकवा येथपर्यंत पसरलेल्या. रशियातील अंतर्गत अशांततेमुळे १९०५ नंतर कॉकेशसचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा हिंदी मँगनीजला मोठी मागणी आली आणि १९०७ मध्ये देशाचे उत्पादन सुमारे ९ लाख टनांवर गेले. इतक्या अल्पावधीत एवढे खोदकाम करावयाचे म्हणजे मजूर हवेत, आणि तेही हजारोंनी.

हे मजूर एका भाषेचे नव्हते. पश्चिमेकडे नागपुरी वळणाची मराठी, पूर्वेकडे पोवारी व हिंदीच्या बोली, छत्तीसगडातून येणाऱ्यांची छत्तीसगढी आणि डोंगरपट्ट्यात गोंडी. यांपैकी गोंडी ही द्राविड कुळातील, म्हणजे इतर सर्वांहून मुळातच वेगळी. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिचे नमुने छापले गेले. चेनेव्हिक्स ट्रेंच या सनदी अधिकाऱ्याने बैतूल जिल्ह्यातील गोंडीचे व्याकरण १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. परकी राज्यकर्त्याला प्रजेची भाषा शिकण्याची गरज भासली, याचे हे प्रमाण होय. कंपनीला तशी गरज भासली नाही. कारण तिच्यापाशी ठेकेदार व मुकादम होते.

ही व्यवस्था वरवर पाहता सोयीची होती. साहेब इंग्रजीत ठेकेदाराशी दर ठरवी, ठेकेदार हिंदी-मराठीत मुकादमाला सांगे आणि मुकादम आपल्या टोळीला तिच्या बोलीत कामास लावी. भाषांतराचा खर्च कंपनीच्या वहीत कोठेही दिसत नसे. परंतु तो नव्हता असे नव्हे. भरलेल्या मालाच्या मापावर मजुरी अवलंबून असताना माप कोणी घेतले, कपात कशाची झाली, आगाऊ दिलेल्या रकमेतून किती वळते केले, हे सर्व मजुराला मुकादमाच्याच तोंडून कळावयाचे. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, तोच दुभाषी! मालक कोण, हे सांगणेही अशा मजुराला अवघड जावे, यात नवल नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने ठेकेदाराच्या मजुराची भरपाई देण्याचे दायित्व मूळ मालकावर टाकले, ते या अडचणीची जाणीव ठेवूनच असे म्हणावयास हरकत नाही. तथापि दावा करावयाचा तर मालकाचे नाव ठाऊक हवे.

या व्यवहाराची परिभाषाच पाहावी. 'मुकादम' आणि 'हाजरी' अरबीतून आलेले, 'सरदार' फारसी. कोळसा-खाणींच्या १९५७ च्या विनियमांत तो इंग्रजी मजकुरातही तसाच आहे. धातुखाणींच्या १९६१ च्या विनियमांत त्याच्या जागी 'मेट' हा इंग्रजी शब्द येतो. 'सुरुंग' संस्कृतातही आढळतो आणि मूळचा ग्रीक मानला जातो. अधिकाराच्या या शब्दावलीत गोंडीला स्थान नाही. मात्र भूशास्त्रात आहे. फर्मर याने १९०९ च्या आपल्या बृहद्ग्रंथात येथील एका मँगनीजयुक्त खडकाला गोंडांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. जमातीचे नाव दगडाला मिळाले. तिची भाषा कचेरीच्या दाराबाहेर राहिली.

मजूर अनियमित आहेत, पेरणी-रोवणीच्या वेळी गावी निघून जातात, ही व्यवस्थापकांची नेहमीची तक्रार असे. भंडारा-बालाघाट हा धानाचा मुलूख; तेथे रोवणीचे दिवस चुकविणे म्हणजे वर्षाचे अन्न चुकविणे. रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात गावाशी असलेला हा संबंध तोडू नये, उलट त्याला नियमित रूप द्यावे, असे मत दिले. कमिशनची दृष्टी येथे व्यवस्थापकांहून अधिक समंजस होती.

१९५२ च्या खाण कायद्याने कायद्याचा गोषवारा इंग्रजीत व विहित केलेल्या अन्य भाषांत खाणीपाशी लावणे आवश्यक केले. एका खाणीच्या मजुरांना वाचता येईल अशी एखादी भाषा असतेच, हे यात गृहीत धरलेले आहे. ज्याला अक्षर येत नाही, त्याला सुरुंगाची सूचना मुकादमाच्या हाकेतूनच कळणार. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तुमसर-तिरोडी या एकाच रेल्वेफाट्यावरील डोंगरी बुजुर्ग मुंबई राज्यात, तर तिरोडी मध्यप्रदेशात गेली. खनिजाचा थर एकच, राजभाषा दोन.

१९६२ मध्ये 'मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड' स्थापन होऊन ५१ टक्के भाग केंद्र व दोन्ही राज्य सरकारांकडे आले. उरलेले ४९ टक्के १९७७ मध्ये विलायती कंपनीकडून घेण्यात आले. मुख्य कचेरी नागपुरातच राहिली. मालकी पालटली, तशी कचेरीची भाषाही काही अंशी पालटली. १९७६ च्या राजभाषा नियमांनुसार मध्यप्रदेश 'क' क्षेत्रात आणि महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात मोडतो. इंग्रजीच्या शेजारी हिंदी आली. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदविलेली गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत अद्याप नाही.