नांगराआधीची भाजी

ऋषिपंचमीला आपण बैलाच्या श्रमाचे काही खात नाही. परसात हाताने खणून लावलेले किंवा आपोआप उगवलेले, तेवढेच त्या दिवशी चालते. कहाणीत कारण काहीही असो, मला वाटते, नांगर येण्यापूर्वी माणूस काय खात होता त्याची आठवण या व्रताने आपल्या स्वयंपाकघरात जपून ठेवली आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात ती आठवण वर्षातून एक दिवसाची नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या आदिवासी भगिनी मृगाच्या सरी पडल्या की रानात जातात. आधी शेवळे निघते. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. प्रत्येक भाजीची तऱ्हा निराळी. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. शेवळ्याने घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालायची. हे सारे आईने लेकीला हाताने करून दाखवायचे.

या विद्येची खरी किंमत दुष्काळात कळली. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत मुंबई इलाख्यातील गोरगरिबांनी रानचा पाला, कंद आणि बिया खाऊन दिवस काढले. गॅमी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा वनस्पतींची माहिती १९०२ साली छापली. पण कोणता कंद पोटात घालावा आणि कोणता विषारी, हे त्या छापील कागदाच्या कितीतरी आधी चुलीपाशी ठाऊक होते. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे आणि सुकडी आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याही वेळी रानाने अनेक घरांना हात दिला.

दूरच्या ग्रीस देशातही असेच आहे. तिकडे पाऊस थंडीत पडतो, म्हणून रानभाज्या वसंतापर्यंत मिळतात. बायका त्या खुडून उकडतात आणि वर ऑलिव्हचे तेल व लिंबू घालतात. आपली घोळ तेही खातात, दह्यात कालवूनसुद्धा! दुसऱ्या महायुद्धात शत्रूने देश व्यापला तेव्हा, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, अथेन्स शहरात अन्नान्न दशा झाली. तेव्हा लोक माळावर रानपाला शोधीत फिरत. गरिबाची म्हणून जी भाजी हिणवली जाते, तीच वेळेला उपयोगी पडते.

आज आपल्या मुलींना मेथी, पालक, कोथिंबीर यांपलीकडे किती पाने ओळखता येतात? हे ज्ञान एका पिढीत विसरले, तर पुढे शिकवणार कोण? म्हणून भगिनींनो, एवढेच सुचवावेसे वाटते. पावसाळ्यात बाजारात रानभाजीची जुडी घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. तिला भाजीचे नाव विचारा, कशी करायची तेही विचारा. अनोळखी पाला मात्र आपल्या मनाने खुडून खाऊ नये. आणि तिने सांगितलेले आपल्या मंडळाच्या एका वहीत लिहून ठेवू या. ऋषींच्या भाजीइतकेच तेही पुण्याचे काम होईल.