गर्भपाताचा प्रश्न आणि मतभेदाची रीत

नागपूरहून वर्ध्याकडे येणाऱ्या लोहमार्गावर जवळजवळ मधोमध सिंदी लागते. नावापुढे कंसात ‘रेल्वे’ लिहिण्याची प्रथा आहे, कारण वर्ध्याला लागूनच दुसरी सिंदीही आहे, सिंदी मेघे. सिंदी (रेल्वे) हे कापसाच्या मुलखातले छोटे गाव आहे आणि विदर्भात ते तान्ह्या पोळ्यासाठी ओळखले जाते. लेकरांच्या हाती लाकडी नंदी देऊन साजरा होणारा हा सण. याच लोहमार्गावर, सिंदीपासून काही स्थानके पुढे, वर्ध्याला 1935 च्या डिसेंबरात एक अमेरिकन बाई उतरल्या. लेकरे किती व्हावीत आणि ते कोणी ठरवावे, या विषयावर त्यांना गांधीजींशी बोलायचे होते. त्यांचे नाव मार्गारेट सँगर.

त्या भेटीबद्दल मराठीत लिहिले गेले ते बहुधा संततिनियमनाच्या वादातले एक प्रकरण म्हणून. इथे तिच्याकडे वेगळ्या कारणाने पाहायचे आहे. गर्भपात हा असा प्रश्न आहे की त्यावर दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक असू शकतात आणि तरीही एकमेकांना पटवू शकत नाहीत. अशा प्रश्नावर वाद कसा घालावा याचे काही धडे महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात सापडतात. ते सगळेच अनुकरणीय नाहीत. मात्र प्रत्येक टप्प्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वाद जिच्याबद्दल चालला आहे, ती बाई बहुतेक वेळा त्या बैठकीत नसते.

गंज पेठेतील घर

1860 च्या भारतीय दंड संहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला. आईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात तेवढा अपवाद होता. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्या कलमाखाली गुन्हेगार ठरत होती. कायदा इंग्रजी असला तरी त्याच्या कचाट्यात सापडल्या त्या प्रामुख्याने पुनर्विवाहाची मुभा नसलेल्या उच्चवर्णीय विधवा. गर्भ लपवला नाही तर जातीबाहेर, आणि लपवायला गेले तर तुरुंग.

1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. कोणी नाव विचारणार नाही, अशी ती सोय होती. वीस वर्षांनंतर, 1884 मध्ये, सक्तीच्या वैधव्यावर लिहिलेल्या टिपणात जोतीरावांनी या घराचा हिशेब मांडला. तोवर 35 गर्भवती विधवा येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी 5 जगली. बाकीची 30 दगावली, आणि त्याचे कारण जोतीरावांच्या मते असे की गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असावीत.

हा हिशेब आजही बारकाईने वाचण्यासारखा आहे. फुले दांपत्याला गर्भपात किंवा बालहत्या समर्थनीय वाटत नव्हती. संस्थेच्या नावातच ‘प्रतिबंधक’ हा शब्द आहे. तरीही त्यांनी त्या बाईला गुन्हेगार म्हटले नाही. तिला त्या टोकाला नेणारी रूढी आणि तिला फसवून नामानिराळा राहणारा पुरुष यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले. कृत्य चूक मानूनही करणारीचा न्याय वेगळा करता येतो, हे त्यांनी घराचे दार उघडून दाखवले.

याच काळात सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी 1881 मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. वृत्तपत्रांनी त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर आले विदर्भातून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ प्रसिद्ध केले. या वादात बाईने स्वतः तोंड उघडल्याचे मराठीतले हे पहिले ठळक उदाहरण. त्यांचा स्वर सौम्य नव्हता, आणि तो तसा असण्याचे कारणही नव्हते.

मगनवाडीतील दोन दिवस

सँगर 2 डिसेंबर 1935 रोजी वर्ध्याला पोहोचल्या. तो सोमवार, गांधीजींच्या मौनाचा दिवस होता. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत तेव्हा गांधीजींचा मुक्काम होता. शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ते 1936 मध्ये राहायला गेले. प्रत्यक्ष बोलणे 3 आणि 4 तारखेला झाले.

दोघांची भूमिका थोडक्यात अशी. सँगर न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत परिचारिका म्हणून काम केलेल्या. चोरून गर्भ पाडताना जीव गमावणाऱ्या बायांचा अनुभव त्यांच्या चळवळीच्या मुळाशी होता. 1916 मध्ये ब्रुकलिनमध्ये दवाखाना उघडताना काढलेल्या पत्रकातही जीव घेऊ नका, आधीच प्रतिबंध करा, असेच त्यांनी बायांना सांगितले होते. म्हणजे संततिनियमनाची साधने त्या गर्भपाताला पर्याय म्हणून पुढे करीत होत्या. गांधीजींचा विरोध गर्भपाताला होताच, शिवाय साधनांनाही होता. वारंवारच्या बाळंतपणाने बाई खंगते हे त्यांना पूर्ण मान्य होते. त्यांचा उपाय संयम हा होता, आणि बाईने नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकावे, हा आग्रह. सँगर यांचे म्हणणे, असे ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईचा संसार टिकत नाही. आणि पती-पत्नींमधल्या शरीरसंबंधाला केवळ वासना म्हणणे हा प्रेमावर अन्याय आहे.

या संवादात तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, दोघांनी दुःखाचे निदान एकच केले; फरक औषधात होता. गर्भपात टळावा असे दोघांनाही वाटत होते. दुसरी, चर्चा निष्फळ होणार हे दिसत असूनही गांधीजींनी एक पाऊल पुढे टाकले. ‘सुरक्षित काळ’ पाळण्याची पद्धत आपल्याला इतर साधनांइतकी खटकत नाही, कारण निदान काही दिवस तरी तीत संयम येतो, असे त्यांनी सांगितले. तिसरी गोष्ट नोंदीची. महादेव देसाई यांनी या चर्चेचा सविस्तर वृत्तांत 25 जानेवारी 1936 च्या ‘हरिजन’मध्ये दिला. आपल्याच नेत्याच्या पत्रात प्रतिपक्षाचे युक्तिवाद छापून आले.

याला एक दुसरी बाजूही आहे. देसाईंचा वृत्तांत येण्याच्या आठवडाभर आधी सँगर यांचा लेख ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये आला होता. गांधींना बायका कळतात का, असा त्याचा रोख होता. आश्रमातली ऋजुता छापखान्यापर्यंत टिकली नाही. आणि देसाईंच्या वृत्तांतालाही त्या लेखाला उत्तर देण्याची धार होती. समोरासमोरचा आदर लेखणीत टिकवणे अधिक कठीण असते.

मगनवाडीत एक माणूस मात्र नव्हते. ज्या बायांच्या नावाने दोघे बोलत होते, त्यांच्यापैकी कोणीही. सिंदीसारख्या गावात सहावे-सातवे बाळंतपण सोसणाऱ्या बाईला नवऱ्याला ‘नाही’ म्हणणे शक्य आहे का, हे तिलाच विचारता आले असते. गांधीजी तिच्या आत्मबळावर विसंबून होते, सँगर तिच्या असहायतेवर. दोघांनीही तिच्याविषयीचे अनुमान पक्के धरले होते.

कर्वे आणि आंबेडकर

मुंबईत या वादाचा सूर वेगळाच होता. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये तिथे संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी 1927 पासून अखेरपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत चालवले. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देणे अश्लील कसे, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, दंड झाला. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयींसाठी ठराव आला. आंबेडकरांनी तयार केलेला हा ठराव त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी मांडला. तो मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

कर्व्यांनी गांधीजींच्या ब्रह्मचर्याच्या उपदेशावर कठोर टीका केली. त्यांची भाषा बोचरी होती. तरी ती अनादराची होती असे म्हणता येत नाही, कारण समोरच्याचा मुद्दा वाकवून मग त्यावर वार करणे त्यांनी सहसा केले नाही. आदर हा स्वराच्या मऊपणावर ठरत नाही. समोरच्याने खरोखर काय म्हटले आहे त्यालाच उत्तर देणे, हा त्याचा कस.

सेवाग्रामच्या डॉक्टर आणि शाह समिती

पुढचा टप्पा पुन्हा वर्ध्याशी जोडलेला आहे. 1964 मध्ये केंद्र सरकारने गर्भपाताच्या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. त्या वेळी केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या डॉ. सुशीला नायर. गांधीजींच्या वैद्यक म्हणून त्या सेवाग्रामला राहिलेल्या, आणि पुढे 1969 मध्ये तिथेच वैद्यकीय महाविद्यालय उभारणाऱ्या. ज्यांना गर्भपात अमान्य होता त्या गांधीजींच्या शिष्येच्या मंत्रालयाने त्या प्रश्नाची चौकशी लावली, यात विसंगती शोधायची गरज नाही. डॉक्टर म्हणून समोर आलेली बाई आणि शिष्या म्हणून मनात वसलेले तत्त्व, या दोन्हींचा भार एकाच माणसावर पडू शकतो.

डिसेंबर 1966 मध्ये समितीचा अहवाल आला. देशात वर्षाला सुमारे 39 लाख गर्भपात मुद्दाम घडवून आणले जातात, असा तिचा अंदाज होता. ते बहुतेक बेकायदा, म्हणून धोकादायक. समितीने नीतीचा निवाडा केला नाही. कायद्याने गर्भपात थांबत नाहीत, बाया मरतात, एवढेच तिने पुढे ठेवले. त्यातून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून अमलात आला. पहिल्या 12 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, 20 आठवड्यांपर्यंत दोघांचे. बाईची संमती आवश्यक; निर्णय मात्र डॉक्टरच्या मतावर. हक्क हा शब्द त्या कायद्यात बसला नाही. लोकसंख्येची चिंता आणि आरोग्याची चिंता यांच्या आधाराने तो विरोधाशिवाय पुढे सरकला. त्यामुळे गर्भाचे नैतिक स्थान काय, या मूळ प्रश्नावर आपल्याकडे पुरेसा वाद झालाच नाही. तो टळला याचे समाधानही आहे आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

मुली कमी होऊ लागल्या तेव्हा

ती किंमत 1980 च्या दशकात दिसू लागली. गर्भजलपरीक्षेने लिंग समजू लागले आणि कायदेशीर गर्भपाताचा मार्ग मुली नाकारण्यासाठी वापरला जाऊ लागला. मुंबईत स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि वकील यांनी याविरुद्ध मंच उभारला. 1988 मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर बंदी आणणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा 1994 चा कायदा त्याच्या मागून आला.

या चळवळीतला आतला वाद सर्वांत मोलाचा आहे. गर्भपात हा बाईचा निर्णय असेल, तर मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात चूक कसा? चळवळीतल्या बायांनी हा पेच झाकला नाही. त्यांनी रोख परीक्षेवर आणि ती विकणाऱ्यांवर ठेवला, गर्भपातावर नाही. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दालाच अनेकींनी हरकत घेतली, कारण ‘हत्या’ म्हटले की प्रत्येक गर्भपात हत्या ठरतो. सरकारी फलकांवर तो शब्द तरीही रुळला. आणि मुलींचे प्रमाण घसरतच राहिले. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894.

दोन न्यायमूर्ती, एक निकालपत्र

2021 च्या दुरुस्तीने काही वर्गांतल्या बायांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बायांनाही त्यात धरले. ऑक्टोबर 2023 मध्ये 26 आठवड्यांच्या गर्भाची एक विवाहिता न्यायालयात आली. आधीच्या बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराशी ती झगडत होती. न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी आधी परवानगी दिली. गर्भ जगू शकेल असा वैद्यकीय अभिप्राय आल्यावर 11 ऑक्टोबरला दोघींची मते वेगळी झाली. एकीने आपली न्यायबुद्धी आता मान्यता देत नाही असे लिहिले. दुसरीने बाईचा ठाम निर्णय मानला पाहिजे असे लिहिले. प्रकरण तीन न्यायमूर्तींकडे गेले आणि पाच दिवसांनी परवानगी नाकारली गेली.

निकाल कोणाला पटो न पटो, ती दोन मते शेजारी ठेवून वाचावीत. दोघींनीही त्या विवाहितेच्या हेतूवर संशय घेतला नाही. जिच्या आयुष्याचा प्रश्न होता, तिचे म्हणणे या वेळी कागदावर होते. मगनवाडीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी एवढी वाट चालून झाली.

गर्भाचे मोल किती, यावर समाजात एकमत होईल असे दिसत नाही. आणि जबरदस्तीने ते घडवूही नये. पण मतभेद कसा करावा याचे नियम या इतिहासातून हाती लागतात. कृत्य आणि करणारी यांचा न्याय वेगळा ठेवणे, जसा फुल्यांनी ठेवला. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या पत्रात छापणे, जसे देसाईंनी छापले. आपल्याच बाजूचा पेच उघड मांडणे, जसा 1980 च्या दशकातल्या बायांनी मांडला. आणि सर्वांत आधी, जिला सोसायचे आहे तिला विचारणे. सिंदीच्या बाईला आजही 20 आणि 24 आठवड्यांचा हिशेब सेवाग्राम किंवा नागपूरच्या रुग्णालयापर्यंतच्या प्रवासात, घरच्यांच्या संमतीत आणि बुडणाऱ्या मजुरीत करावा लागतो. आपण वाद घालत असतो तेव्हा तिचे आठवडे मोजले जात असतात.