गंमत म्हणून विचारलेला प्रश्न



पॅरिशच्या फनफेअरची चर्चा निघाली की हल्ली एखादा तरुण सुचवतो, “टॅरोचा स्टॉल ठेवू या. विश्वास कोण ठेवतोय? नुसती गंमत!” त्याला नाही म्हणण्याआधी या पत्त्यांचा इतिहास पाहिलेला बरा. तो आपल्याला वाटतो तसा नाही.

टॅरो जादूटोण्यातून आलेलं नाही. 1440 च्या सुमारास उत्तर इटलीतल्या सरदार घराण्यांत हे पत्ते खेळायला निघाले. चार रंगांच्या 56 पानांत 22 चित्रांची पानं घातली, ती हुकमाची. त्यांत सम्राट होता, मृत्यू होता, चक्क पोपमहोदयही होते. पत्त्यांविषयी ख्रिस्तसभेची त्या काळची तक्रार होती ती जुगाराची. सिएनाच्या संत बर्नार्डिन यांनी 1423 मध्ये बोलोन्यात जुगाराविरुद्ध प्रवचनं दिली. लोकांनी पत्ते जाळले, तेव्हा पोटावर पाय आलेल्या एका पत्ते रंगवणाऱ्याला संतांनी येशूच्या नावाचं चिन्ह रंगवून विकायला सांगितलं, अशी कथा आहे. (आपल्या हाउझीबद्दल ते काय म्हणाले असते, कोण जाणे.)

या पत्त्यांवर भविष्याचा मोठा धंदा उभा राहिला तो जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी. 1781 मध्ये पॅरिसच्या आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने छापलं की ही चित्रं म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे. पुरावा काहीच नव्हता. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियनने ती उलगडली 1822 मध्ये. पण गोष्ट झकास होती. चारच वर्षांनी आलिएत नावाच्या माणसाने स्वतःचं आडनाव उलटं लिहून ‘एतेया’ या नावाने टॅरोवरून भविष्य कसं पाहावं याचं पुस्तक काढलं, पुढे खास त्यासाठीचे पत्तेही.

ओइजा बोर्डाचा प्रवास नेमका उलटा. 1848 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींनी मृतांचे आत्मे टकटक करून उत्तरं देतात असा दावा केला आणि अमेरिकेत आत्म्यांशी बोलण्याच्या बैठकांची लाट आली. (तो आवाज आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो, असं मार्गारेट फॉक्सने 1888 मध्ये जाहीर सांगितलं, पुढच्या वर्षी ते शब्द मागेही घेतले.) त्या बैठकांतून निघालेल्या अक्षरांच्या फळीला 1891 मध्ये पेटंट मिळालं आणि ती खेळण्यांच्या दुकानात गेली. 1966 मध्ये तिचे हक्क मोनोपोली बनवणाऱ्या पार्कर ब्रदर्सने घेतले. आपल्याकडे वाटी किंवा नाणं सरकवून करतात ते प्लँचेट याच कुळातलं.

म्हणजे खेळाचं भविष्यकथन झालं आणि आत्म्यांना बोलावण्याचं साधन खेळणं झालं. खोक्यावर ‘खेळ’ छापलंय की नाही, यावरून काहीच ठरत नाही. आपण कोणाला काय विचारतो आहोत, एवढंच पाहायचं.

24 एप्रिल 1917 रोजी रोमच्या होली ऑफिसने नेमक्या याच पळवाटेला उत्तर दिलं. प्रश्न असा होता: अशा बैठकीला नुसतं बघायला गेलं तर? दुष्ट आत्म्यांशी आपला संबंध नाही असं मनात म्हणून बसलं तर? बैठक सभ्य, भक्तीची वाटत असेल तर? सगळ्यांना उत्तर एकच होतं: नाही.

वरवर पाहता हा कठोरपणा वाटतो. मला तो तसा वाटत नाही, कारण तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. मुलगा गमावलेल्या आया त्या टेबलांभोवती बसत होत्या, आणि माध्यम म्हणवणारे काही लोक त्यासाठी पैसे घेत होते. शेजारी कुतूहलाने बसलेल्या पाहुण्यासाठी ती संध्याकाळची करमणूक असेल. त्या आईसाठी नव्हती. आजही स्टॉलवर हसत पान उचलणाऱ्या दहांमागे एखादी असते जिचा नवरा इस्पितळात आहे, आणि तिचा प्रश्न गमतीचा नसतो. 1992 च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद 2116) जन्मपत्रिका, हस्तरेषा, मृतांना बोलावणं हे सगळं नाकारताना कारण दिलं आहे ते असं: या प्रकारांमागे काळावर आणि माणसांवर सत्ता मिळवण्याची इच्छा दडलेली असते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 मधली फिलिप्पैची दासी आठवते? भविष्य सांगून ती धन्यांना पुष्कळ पैसा मिळवून देत असे. पौलाने तिला त्या आत्म्यापासून सोडवलं, तेव्हा कमाई बुडाली म्हणून धन्यांनी पौल आणि सीला यांना ओढत चौकात नेलं. त्या मुलीला पुढे कोणी आसरा दिला, हे लूकने लिहिलेलं नाही.